गॅलरीतली सगुणामाय

आमच्या गावची सगुणामाय दरवर्षी हिवाळ्यात आमदाराला पाहायला नागपूरला जायची. भेटायला नव्हे, काम घेऊनही नव्हे, पाहायला. शहरात शिकायला ठेवलेलं पोरगं नीट बसतं का, जेवतं का, हे पाहायला आया जातात ना, तशी. डिसेंबरात नागपुरात विधानसभेचं अधिवेशन भरलं की ती पिशवीत लाखोळीच्या डाळीचे वडे बांधायची, मोहाडीहून एस.टी. धरायची आणि दोन-तीन दिवस प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसायची. रात्री धरमपेठेच्या मागे कुठेतरी एका भाचीकडे मुक्काम. परत आली की विड्या वळणाऱ्या बायकांच्या घोळक्यात सगळी हकिकत.

"पैल्या दिवशी आला. बसला. पान खाल्लं. दुसऱ्या दिवशी उभा राहून वरडला. काय वरडला थे नाई समजलं, सारेच वरडून राह्यले होते. तिसऱ्या दिवशी दुपारच्याले झोपला."

"कितीक येळ झोपला वो?"

"चाळीस विड्या झाल्या असत्या."

वेळ ती विड्यांवर मोजायची. घड्याळ कळत नव्हतं, पण बोटांना कळायचं. गॅलरीत पिशवी नेऊ देत नसत, तरी मांडीवर तिची बोटं रिकाम्या हवेत विडी वळतच असायची. एकदा तिथल्या शिपायाला संशय आला, ही बाई खालच्या लोकांवर काही मंत्रबिंत्र टाकते आहे की काय. त्याने येऊन विचारलं तर म्हणाली, "मंत्रानं सुधरले असते तं गावातूनच टाकला असता ना जी, तिकिटाचा खर्च कायले केला असता?"

मी त्या गावात प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. भंडाऱ्याहून बदली होऊन आलो तेव्हा मला खोली मिळाली ती विहाराच्या मागच्या गल्लीत, सगुणामायच्या कुंपणाला लागून. नवरा जाऊन जमाना झालेला. घरात ती एकटी. वय विचारलं की म्हणायची, "मोठा पूर आला तवा मी चालत होतो." आमच्या भागात बायकाही ‘मी जातो, मी येतो’ असंच म्हणतात. आता तो पूर कोणता, हे गावात कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं.

दिवसा ती विड्या वळायची आणि हाक आली की सुईण म्हणून जायची. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली होती. ज्या घरांत एरवी तिला अंगणातच थांबवत, त्या घरांत बाळंतपणाला मात्र ती थेट आतल्या खोलीत असायची. "जीव अडला का मले कोनी जात नाई विचारत," ती हसत म्हणायची. "पाचव्या दिवशी मंग जात आठोन येते त्याईले."

मी राहायला गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी तिने कुंपणावरून विचारलं, "गुरुजी, मागच्या बारीले मत देल्लं होतं का?"

"दिलं होतं."

"कोनाले थे नोको सांगू. मंग जाऊन पाह्यलं का?"

"काय पाह्यलं का?"

"आता काय सांगाव बाप्पा! देल्लं तं पाहा लागते ना. बैल इकला तरी मानूस चार दिवसानं जाऊन पाह्यते, चारा खाते का नाई."

मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं. दोन वर्षं पुस्तकं वाचून जे मला समजलं नव्हतं, ते त्या कुंपणाजवळ उभ्या उभ्या समजलं.

गावाची तेव्हा दोन गावं झाली होती. एक छत्रीवाल्यांचं, एक शिडीवाल्यांचं. ही दोन पक्षांची निशाण्यांवरून पडलेली नावं. छत्रीवाल्यांचं चहाचं दुकान वेगळं, शिडीवाल्यांचं वेगळं. एकाच्या लग्नात दुसरा जेवायला बसायचा नाही. माझ्या पहिलीच्या वर्गात तर मोठीच पंचाईत झाली. मी फळ्यावर ‘छ छत्रीचा’ लिहिलं आणि अर्धा वर्ग गप्प. म्हणे, बाबानं सांगितलं, आपण छत्री म्हणायचं नाही. मी ‘छ छपराचा’ केला तर उरलेला अर्धा वर्ग रुसला. पंधरा दिवस आमच्या शाळेत ‘छ’ हे अक्षरच शिकवलं गेलं नाही.

वर नागपुरातही तेच, फक्त मोठ्या आवाजात. आमचे आमदार नामदेवराव छत्रीचे आणि सरकार शिडीचं. छत्रीवाले म्हणत हे पांढरं, की शिडीवाले म्हणत काळं. सगुणामायने एकदा सांगितलं, "कोनी काय म्हनते थे कोनी आयकतच नाई. पैले पाह्यते कोन म्हनून राह्यला, मंग ठरोते वरडाचं का बाक वाजवाचं."

या भांडणाचं आमच्या गावातलं स्मारक म्हणजे दवाखान्याचं उपकेंद्र. दोन खोल्या, वर पत्रे, पुढे दगडाची पायरी. छत्रीचं सरकार होतं तेव्हा त्यांनी उद्घाटन केलं आणि दगड बसवला. शिडीचं आलं तेव्हा त्यांनी रंग देऊन पुन्हा उद्घाटन केलं आणि दुसरा दगड बसवला. दगड दोन झाले. नर्स एकही आली नाही. दाराला कुलूप आणि पायरीवर बकऱ्या. डॉक्टर मोहाडीला, आणि पावसाळ्यात तिथवर बैलगाडी जायला अर्धा दिवस.

एक दिवस सगुणामाय माझ्याकडे आली. "गुरुजी, अर्ज लिहा. नर्सबाई पायजेन."

मी अर्ज लिहिला, गावाच्या सह्या-अंगठे घेतले, तिने तो स्वतः नामदेवरावांच्या हातात दिला. नामदेवराव माणूस वाईट नव्हते. गोल चेहरा, गोल बोलणं. त्यांनी तो प्रश्न म्हणून विधानसभेत टाकला आणि खरंच तो छापील यादीत आला. सगुणामायने मला सोबत चलायला सांगितलं. मी रजा टाकली.

आमदार निवासात जाऊन आम्ही नामदेवरावांकडूनच गॅलरीचे पास घेतले. त्यांनी दोन वडे खाल्ले आणि म्हणाले, "माय, आज पाह्यजो कसा धुतो सरकारले."

"धू नोको बाप्पा. विचार फक्त."

आम्ही वर जाऊन बसलो. खाली प्रश्नोत्तरं चालू होती. आमचा प्रश्न सहावा. चौथ्या प्रश्नाला एक मंत्री बोलता बोलता विरोधकांना "तुम्ही लोक" म्हणाले. झालं! "लोक कोणाला म्हणता?" म्हणून एकजण उठला, मग दहाजण उठले. इकडून घोषणा, तिकडून घोषणा. पाच मिनिटांत छत्रीवाले सगळेच्या सगळे सभात्याग करून बाहेर. नामदेवराव सगळ्यांत पुढे, मूठ वर करून.

आवाज खाली बसला. पाचवा प्रश्न झाला. मग अध्यक्षांनी सहावा पुकारला, आमच्या गावाचं नाव त्या उंच छतापर्यंत गेलं आणि लगेच पुढचं वाक्य आलं: "प्रश्न विचारणारे सन्माननीय सदस्य अनुपस्थित. पुढचा प्रश्न."

माझ्या शेजारी सगुणामाय उभी राहिली.

"थांबा ना जी! प्रश्न आमच्या गावचा हाये. थो गेला तं जाऊ द्या, मी हावो ना! मले सांगा!"

उरलेली सगळी सभा वर पाहू लागली. क्षणभर छत्री-शिडी दोन्ही विसरले असतील. मग दोन महिला शिपाई आल्या आणि तिला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या. मी मागे मागे. खालच्या खोलीत एका अधिकाऱ्याने समज दिली, नाव-गाव लिहून घेतलं, आणि शेवटी पाणी पाजून सोडलं. "पुन्हा असं करू नका, बाई. तिथे फक्त सदस्यांना बोलता येतं."

"सदस्य तं निघून गेल्ता ना जी," ती अगदी साधेपणाने म्हणाली.

परतीच्या एस.टी.त मौदा येईपर्यंत तिची बोटं विडी वळत नव्हती. मौद्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "भांडले त्याचं काई नाई, गुरुजी. भांडाव मानसानं. पन आपलं नाव घेतलं तवा कोनीच नोता."

महिनाभराने छापील उत्तर हाती आलं. मी तिला वाचून दाखवलं. "एक. हे अंशतः खरे आहे. दोन. प्रश्न उद्भवत नाही."

"उद्भवत नाई म्हंजे?"

"म्हणजे प्रश्न निर्माणच होत नाही."

"पोट्टे तं निर्माण होऊन राह्यले ना जी गावात!" ती ओरडली. गल्लीतल्या बायका हसायला लागल्या. ती हसली नाही.

पुढच्या वर्षी निवडणूक आली. गावातली तरुण मंडळी म्हणाली, मतदानावर बहिष्कार टाकू. सगुणामायने ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आपुन घरी बसलो तं त्याईले बरंच हाये. इचारनाराच गेला, मंग उत्तर कोनाले द्याचं?"

तिने दोन्ही पार्ट्यांच्या लोकांना उपकेंद्रासमोर बोलावलं. आले सगळे, पण बसले दोन बाजूंना, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट सोडून. दोन्हीकडचे पुढारी कुरकुरत होते की त्यांच्या सोबत आम्ही बसणार नाही. ती मधल्या वाटेत उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"तुमाले दोघाईले मीच भायेर काढलं. तवा कोन छत्री उघडून आल्ता अन् कोन शिडीवरून उतरला, सांगा!"

आधी बायका हसल्या. मग पाटलाचा म्हातारा बापही हसला. हसता हसता लोक जरासे सरकले.

"मत ज्याले द्याचं त्याले द्या," ती म्हणाली. "मी कोनाची पार्टी सोडाले नाई लावत. पन इथं जो मत मांगाले येईन, त्याले साऱ्याईनं येकच इचाराचं. नर्सबाईचं काय केलं? छत्रीवाल्यानं छत्रीवाल्याले इचाराचं, शिडीवाल्यानं शिडीवाल्याले. दुसऱ्याच्या मानसाले तं कोनीबी इचारते. आपल्याले इचाराले दम लागते."

चार दिवसांनी नामदेवरावांची जीप आली. हार झाला, भाषण झालं. मग छत्रीचाच एक जुना कार्यकर्ता, आयुष्यभर ज्याने पक्षाची पोस्टरं चिकटवली तो माणूस, मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, नर्सबाईचं काय झालं?"

नामदेवराव चमकले. "अरे, या शिडीच्या सरकारनं पदच भरलं नाई! म्हणून तं आमी सभात्याग केला!"

"निषेध कराले भायेर गेले," सगुणामाय मागून म्हणाली, "तं आमचा प्रश्न कोनाजवळ ठेवून गेले जी?"

"माय, तुले नाई समजत. त्याईनं काय काय केलं, मी सांगतो..."

"त्याईचं त्याईले इचारू. आज तुमचं तुमाले इचारून राह्यलो."

कोणी टाळी वाजवली नाही, कोणी घोषणा दिली नाही. सत्तर-ऐंशी माणसं नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. नामदेवरावांनी रुमालाने मान पुसली आणि जीपमध्ये बसले.

दोन दिवसांनी शिडीचे उमेदवार आले. ते वकील होते. त्यांना शिडीच्याच एका बाईने विचारलं, "सरकार आपलं हाये, मंग पद काहून नाई भरलं?" वकीलसाहेब म्हणाले, आधीच्या सरकारनं घोळ करून ठेवला होता. लोक पुन्हा तसेच पाहत राहिले. वकीलसाहेब खटले लढवणारे. गप्प बसलेल्या न्यायाधीशाला किती घाबरायचं हे त्यांना ठाऊक असावं. ते थोडं थांबून म्हणाले, "नाही झालं आमच्याकडून. हे खरं आहे." त्या दिवशी कितीतरी छत्रीवाल्यांनी त्यांना बसायला खाट आणून दिली.

मतदानाच्या दिवशी सगुणामाय धुवट लुगडं नेसून सगळ्यांत आधी रांगेत उभी होती. मतमोजणीत नामदेवराव निवडून आले, पण जेमतेम. सरकारही पुन्हा शिडीचंच आलं. आमच्या गावची पेटी, जी वर्षानुवर्षं छत्रीने न उघडताच आपली मानली होती, ती उघडली तेव्हा जवळजवळ अर्धी शिडीकडे गेलेली निघाली. आणि आसपासच्या दोन-तीन गावांनी आमचाच प्रश्न उचलून विचारला होता, हेही नंतर कळलं.

पंधरा दिवसांच्या आत नामदेवराव गावात आले. सोबत हारवाले नव्हते. सरळ सगुणामायच्या अंगणात येऊन खाटेवर बसले.

"माय, तुमच्या पेटीनं मले घाम फोडला."

"फुटू दे. घामानं ताप उतरते," ती म्हणाली आणि मला हाक मारली. "गुरुजी, कागद आना!"

त्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गॅलरीत होतो. मागच्या गोंधळामुळे तिला पास मिळायला अडचण आली. शेवटी दोघांनी रदबदली केली, एक नामदेवरावांनी आणि दुसरी, आश्चर्य म्हणजे, पडलेल्या वकीलसाहेबांनी. मी तिला बजावलं होतं, काही झालं तरी उभं राहायचं नाही. तिने पदराचं टोक दातांत धरून ठेवलं होतं.

आमचा प्रश्न त्या दिवशी तिसरा होता. दुसऱ्याच प्रश्नाला ठिणगी पडली. या वेळी कशावरून, तेही आता आठवत नाही. पुन्हा घोषणा, पुन्हा हात वर, छत्रीवाले उठले आणि दाराकडे निघाले. नामदेवरावही उठले. सवयच ती. चार पावलं गेले, सात गेले. सगुणामायने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली.

दाराजवळ पोहोचून नामदेवराव थांबले. त्यांनी मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. बाहेरून त्यांचे सहकारी "चला, चला" करत होते. एकाने त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली, परत आले आणि त्या सगळ्या रिकाम्या बाकांमध्ये एकटेच बसले. समोरचे लोक हसले. त्यांचा गोल चेहरा लाल झाला होता. पण बसून राहिले.

अध्यक्षांनी प्रश्न पुकारला. नामदेवराव उभे राहिले आणि गावाचं नाव, उपकेंद्राचं नाव, दोन्ही दगडांची हकिकत, सगळं नीट बोलले. मंत्र्यांनी ‘अंशतः खरे’ सुरू केलं तर शेजारच्या मतदारसंघातले शिडीचे एक सदस्य उठले आणि आपल्याच मंत्र्यांना म्हणाले, माझ्याकडच्या तीन उपकेंद्रांचीही हीच अवस्था आहे. एवढं झाल्यावर मंत्री कागद खाली ठेवून म्हणाले, दोन महिन्यांत नेमणूक करतो.

बाहेर पडल्यावर नामदेवराव आम्हाला पायऱ्यांवर भेटले. "पक्षाचे लोक आता मले सोलून काढतीन, माय."

तिने पिशवीतून सगळेच वडे काढून त्यांच्या हातात दिले. "खा बाप्पा. आज बोलला तू."

दोन महिन्यांचे चार झाले. मधे तिने मला तीन पत्रं लिहायला लावली. पण उन्हाळ्यात एका सकाळी एस.टी.तून एक मुलगी उतरली. ट्रंक, छत्री आणि घाबरलेला चेहरा. शिंदे सिस्टर, साताऱ्याकडच्या. ती खरीखुरी छत्री पाहून शिडीवाल्या पाटलाच्या बापाने भुवई उंचावली, पण नातवाने त्याला गप्प केलं. कुलूप उघडलं. बकऱ्यांना दुसरी जागा पाहावी लागली.

आठवडाभराने पहिलं बाळंतपण आलं. फुलवंता नावाची कोवळी पोर, पहिलटकरीण. घरचे नेहमीप्रमाणे सगुणामायला बोलवायला आले. ती गेली, पोरीचा हात धरून तिला उपकेंद्रात घेऊन आली, सिस्टरच्या हवाली केली आणि बाहेर पायरीवर येऊन बसली.

शाळा सकाळची होती. मधल्या सुट्टीत मी तिकडे गेलो तर ती तशीच बसलेली. आतून कण्हण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "माय, तू आत का नाही? सिस्टर नवीन आहे."

"तिले शिकोलं हाये त्याईनं. मले कोनी शिकोलं?" मग समोरच्या वाटेकडे पाहत ती म्हणाली, "मायी पोरगी होती, गुरुजी. येकच. पैल्या बाळंतपनाले माह्याजवळ आल्ती. मी म्हटलं, मी हावो ना, साऱ्या गावचे करतो, तुयं नाई करीन का? रगत बंदच नाई झालं. पानी पडून राह्यलं होतं, गाडी नाल्यातच फसली. दोघंबी गेले. माह्याच हातात."

इतकी वर्षं कुंपणाला कुंपण लागून राहिलो, आणि मला हे माहीत नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत असणार. कोणी बोललं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसलो.

शाळेची घंटा झाली, तरी मी उठलो नाही. थोड्या वेळाने आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. अंगणात जमलेले लोक एकदम उठले. सिस्टर दारात आली, घामाने निथळत, हसत. सगळे एकच विचारत होते, पोरगा का पोरगी?

सगुणामाय पायरीचा आधार घेऊन उठली. तिने विचारलं, "फुलवंता कशी हाये?"

"बरी आहे, मावशी. अगदी छान आहे. भूक लागली म्हणतेय."

"भूक लागली?"

"हो."

"मंग मी पेज आनतो," ती म्हणाली आणि लुगड्याचा ओचा सावरत घराकडे निघाली. मी तिला इतकं भरभर चालताना कधी पाहिलं नव्हतं. बाळ पाहायचंसुद्धा तिच्या लक्षात राहिलं नाही.